मूसमधलं टाइप-कोअर्शन: आपोआप कुठे व्हावं, कुठे होऊ देऊ नये

प्रश्न थोडक्यात असा आहे. पर्ल या भाषेत मूस (क्लास आणि ऑब्जेक्ट लिहिण्याची लायब्ररी) वापरून लिहिलेली बिलिंगची एक जुनी प्रणाली आहे. तिच्या इन्व्हॉइस क्लासमध्ये देय तारखेचं अ‍ॅट्रिब्यूट डेटटाइम (तारीख-वेळ धरणारा क्लास) या टाइपचं आहे. बाहेरून स्ट्रिंग किंवा टाइमस्टॅम्प आला तरी त्याचा डेटटाइम ऑब्जेक्ट आपोआप बनावा म्हणून कोअर्शन, म्हणजे एका टाइपची किंमत दुसऱ्यात बदलणारं रूपांतर, लिहिलं आहे. काही क्लासमध्ये ते चालतं, काहींमध्ये चालत नाही. तारखांची यादी धरणाऱ्या अ‍ॅट्रिब्यूटवर तर अजिबातच चालत नाही. आणि एका ठरावीक फाइलमधून आलेल्या सगळ्या इन्व्हॉइसवर, मूळ तारीख काहीही असो, २३ ऑगस्ट १९७० ही तारीख पडते. तर कोअर्शन सगळीकडे एकदमच चालू करता येईल का? आणि पुढे मूसऐवजी मू हे त्याचं हलकं भावंड वापरायचं ठरलं तर हे कोड तसंच चालेल का?

एक खुलासा आधीच करतो. इथे मी आकडे देवनागरीत लिहितोय, पण कोडमधले आणि फाइलमधले आकडे नेहमीचे इंग्रजीच समजा. हा फरक पुढे एका ठिकाणी खरोखरच महत्त्वाचा ठरणार आहे.

सगळीकडे एकदम चालू करणारं बटण मूसमध्ये नाही, आणि ते नाही हे बरंच आहे. का, ते तुमच्या १९७० च्या तारखेवरूनच दाखवता येतं, म्हणून सुरुवात तिथून करतो.

तुमच्या कोअर्शनमध्ये दोन वाटा आहेत. एक 'नम'पासून, म्हणजे आकडा आला की तो १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद समजून डेटटाइमच्या फ्रॉम-इपॉककडे द्यायचा. दुसरी 'स्ट्र'पासून, म्हणजे स्ट्रिंग आली की ती तारीख म्हणून वाचायची. कागदावर हे स्वच्छ दिसतं. अडचण अशी की पर्लमध्ये आकडा आणि स्ट्रिंग यांच्यात भिंतच नाही. एखादी किंमत आकडा आहे की मजकूर, हे ती किंमत ठरवत नाही, तिच्यावर चालणारी क्रिया ठरवते. अधिकचं चिन्ह आलं की आकडा, जोडणीचं टिंब आलं की मजकूर. '१२ नग' या स्ट्रिंगमध्ये ५ मिळवले तर पर्ल १७ देतो, आणि वॉर्निंग चालू असतील तर थोडी कुरकुर करतो, एवढंच. मूसची टाइपची उतरंडही हे मान्य करूनच रचलेली आहे: 'इंट' (पूर्णांक) हा 'नम'चा उपप्रकार आणि 'नम' हा 'स्ट्र'चा. म्हणजे फाइलमधून आलेली '४२' ही स्ट्रिंग एकाच वेळी इंट आहे, नम आहे आणि स्ट्रही आहे.

आता त्या फाइलमध्ये तारखा कशा असतील याचा अंदाज मी न बघता करतो: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि मध्ये डॅश नाही. १५ जानेवारी २०२४ म्हणजे २०२४०११५. ही स्ट्रिंग नमच्या परीक्षेत पास होते, म्हणून मूस ती पहिल्या वाटेने नेतो आणि ते २ कोटी २ लाख ४० हजार ११५ सेकंद समजतो. १९७० च्या सुरुवातीपासून इतके सेकंद मोजले की यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) २३ ऑगस्ट १९७०, सकाळचे ६ वाजून १५ मिनिटं १५ सेकंद येतात. तारीख काहीही असली तरी दिवस तोच का येतो, तेही यातच आहे. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. आणि या पद्धतीने लिहिलेली एका वर्षाची तारीख पुढच्या वर्षी फक्त १०,००० ने सरकते. त्यामुळे १ जानेवारी २०२२ ते ३१ डिसेंबर २०३० मधली प्रत्येक तारीख २३ ऑगस्ट १९७० याच दिवसात जाऊन बसते. फरक पडतो तो फक्त तासांत आणि मिनिटांत.

यात दिलासा एवढाच की डेटाबेसमध्ये वेळेसकट किंमत साठवली असेल तर मूळ तारीख परत मिळते. त्या डेटटाइमला इपॉक, म्हणजे १९७० पासूनचे सेकंद, विचारा, उत्तर २०२४०११५ येईल, तीच तुमची तारीख. कॉलम नुसत्या तारखेचा असेल तर मात्र वेळ कापली गेलेली आहे, आणि मूळ फाइल शोधण्याला पर्याय नाही.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे दोन वाटांचा क्रम बदलणं. तो करू नका. मूस वाटा लिहिलेल्या क्रमाने तपासतो आणि जी पहिली जुळेल ती घेतो. स्ट्र आधी ठेवलात तर प्रत्येक आकडा स्ट्रही असल्यामुळे नमची वाट कधी चालतच नाही, आणि खरे टाइमस्टॅम्प तारीख-वाचकाकडे जाऊन फुटतात. दोष क्रमात नाहीच. ज्या किमतीचे दोन अर्थ निघू शकतात तिच्यावर तुम्ही आपोआप रूपांतर लावलंय, हा दोष आहे. कोअर्शन लिहिताना मी स्वतःला एकच गोष्ट विचारतो: येणारी किंमत पाहून, ती कुठून आली हे माहीत नसताना, तिचा एकच अर्थ लागतो का? मूसच्या कुकबुकमध्ये एचटीटीपीच्या हेडरचं उदाहरण आहे. तिथे अ‍ॅरेरेफ किंवा हॅशरेफ (यादीचा किंवा नाव-किंमत जोड्यांचा रेफरन्स) दिला की त्याचा हेडर ऑब्जेक्ट बनतो. तिथे शंकेला जागाच नाही, अ‍ॅरे म्हणजे अ‍ॅरे आणि हॅश म्हणजे हॅश. तारखेचं तसं नसतं. '०५/०४/२०२४' आपल्याकडे ५ एप्रिल, अमेरिकेत ४ मे. अशी स्ट्रिंग कोअर्शनकडे सोपवणं म्हणजे निर्णय न घेता तो घेतल्यासारखं दाखवणं.

म्हणून 'स्ट्र'पासून कोअर्शन लिहूच नका. स्ट्रचा एक नाव दिलेला उपप्रकार करा: चार आकडे, डॅश, दोन आकडे, डॅश, दोन आकडे, सुरुवात आणि शेवट दोन्ही घट्ट बांधलेले. कोअर्शन फक्त त्याच्यापासून. नमची वाट काढून टाका. मग २०२४०११५ आली की मूस ओरडेल आणि ओरडलाच पाहिजे. ती फाइल वाचणाऱ्या कोडला तिचा फॉरमॅट माहीत आहे, तर तारीख वाचायचं काम तिथेच होऊ द्या. टाइमस्टॅम्प खरोखरच येत असतील तर इन्व्हॉइस क्लासवर वेगळ्या नावाची एक मेथड लिहा, जी सेकंद घेते आणि ऑब्जेक्ट देते. मेथडचं नाव वाचूनच कळतं की आत काय द्यायचं. कोअर्शनच्या वाटेला असं नाव नसतं.

नमची वाट काढायला आणखी एक कारण आहे, आणि हे पुण्या-मुंबईतल्या कोणालाही कधी ना कधी छळतं. फ्रॉम-इपॉकने बनवलेला डेटटाइम यूटीसीतला असतो. नुसत्या तारखेवरून बनवलेल्या डेटटाइमला, तुम्ही वेळेचा पट्टा दिला नाहीत तर, पट्टाच नसतो. डेटटाइम त्याला फ्लोटिंग म्हणतो. १५ जानेवारीची भारतीय मध्यरात्र टाइमस्टॅम्प म्हणून आली की यूटीसीत ती १४ जानेवारीची संध्याकाळ साडेसहा असते. बिलाची मुदत एक दिवस आधी. म्हणजे एकाच अ‍ॅट्रिब्यूटमध्ये, कोणत्या वाटेने आली यावर, वेगळ्या स्वभावाच्या दोन तारखा बसतात आणि टाइप दोघींनाही डेटटाइम म्हणून पास करतो. कोअर्शनमध्येच पट्टा ठरवून टाकला तर हे टळतं, पण मग तो पट्टा सगळ्या वापरणाऱ्यांना मान्य आहे ना, हे कोणीतरी ठरवायला हवं.

आता तो देवनागरी आकड्यांचा मुद्दा. उपप्रकाराची अट लिहिताना हात सवयीने 'बॅकस्लॅश-डी' (पॅटर्नमधलं 'कोणताही अंक' हे चिन्ह) टाइप करतो. यूटीएफ-८ नीट डीकोड करून आलेल्या मजकुरात पर्लचा बॅकस्लॅश-डी युनिकोडमधला प्रत्येक दशमान अंक मान्य करतो, देवनागरी '२०२४' सुद्धा. पण पर्लचं गणित ते मान्य करत नाही: देवनागरी '४२' मध्ये शून्य मिळवलं तर उत्तर शून्यच येतं. म्हणजे अट पास, किंमत शून्य. मूसचा स्वतःचा इंट यातून सुटतो, कारण त्याच्या तपासणीत शून्य ते नऊ हा साधा पल्लाच लिहिलेला आहे. तुम्हीही तसाच लिहा. ग्रामपंचायतीच्या किंवा सहकारी संस्थेच्या अर्जांत लोक मराठी कीबोर्डने आकडे भरतात, तिथे मात्र देवनागरी अंक असलेल्या स्ट्रिंगसाठी वेगळा उपप्रकार आणि त्यापासून इंटकडे जाणारं कोअर्शन ही अगदी योग्य जागा आहे. पर्लच्या ट्रान्सलिटरेशन ऑपरेटरने एका ओळीत अंक बदलता येतात, आणि युनिकोडच्या यूसीडी मॉड्यूलमधलं 'नम' नावाचं फंक्शनही हे काम करतं. इथे अर्थाची शंका नाही. '४२' म्हणजे बेचाळीसच, कोणत्याही लिपीत. पायथनवाल्यांना हे वाचून गंमत वाटेल, कारण त्यांचा इंट देवनागरी '४२' विनातक्रार वाचतो.

काही क्लासमध्ये चालतं आणि काहींमध्ये नाही, याचं कारण बहुधा साधं आहे. मूसमध्ये कोअर्शनची दोन टोकं वेगळी ठेवलेली आहेत. रूपांतर कसं करायचं ते टाइपजवळ लिहायचं. करायचं की नाही, ते प्रत्येक अ‍ॅट्रिब्यूटवर 'कोअर्स' हा पर्याय खरा ठेवून सांगायचं. तो नसेल तर टाइपजवळ कितीही वाटा असोत, त्या अ‍ॅट्रिब्यूटला त्यांच्याशी देणंघेणं नाही. नवीन माणसाला हा डबल खटाटोप वाटतो. पण मूसमधले टाइप जागतिक असतात, म्हणजे एका पर्ल प्रोसेसमध्ये 'डेटटाइम' या नावाचा टाइप एकच. तुमच्या बिलिंग मॉड्यूलने त्यावर कोअर्शन टांगलं की ते सीपॅनवरून (पर्लच्या सार्वजनिक मॉड्यूल-संग्रहातून) आणलेल्या, तुमचं नावही न ऐकलेल्या मॉड्यूललाही दिसतं. अ‍ॅट्रिब्यूटवरचा तो पर्याय नसता तर तुमच्या एका ओळीने दुसऱ्याच्या क्लासचं वागणं बदललं असतं, आणि तेही फक्त तुमची फाइल आधी लोड झाली तर.

अर्थात तो पर्याय असूनही धोका पूर्ण जात नाही. दुसऱ्या मॉड्यूलनेही डेटटाइमवर स्ट्रपासून कोअर्शन लिहिलं असेल तर जे नंतर लोड होईल ते, अशी वाट आधीच आहे, असं म्हणत मरतं. आणि कोण नंतर लोड होईल हे तुमच्या हातात नसतं. म्हणून मूसच्या मार्गदर्शनातच सांगितलंय की अंगभूत टाइपवर किंवा नुसत्या क्लासच्या नावावर कोअर्शन लावू नका. आपल्या नावाचा उपसर्ग लावून डेटटाइमचा उपप्रकार करा, 'बिलिंग-तारीख' म्हणा, आणि कोअर्शन त्याच्यावर लावा. उपप्रकाराला वडिलांची कोअर्शन वारशात मिळत नाहीत, हे इथे पथ्यावरच पडतं: तुमच्या टाइपवर फक्त तुम्ही लिहिलेल्या वाटा राहतात. याच कारणाने 'मेबी' ('किंमत नसली तरी चालेल' असं सांगणारं वेष्टण) मध्ये गुंडाळलेला टाइप मात्र लोकांना फसवतो. 'मेबी बिलिंग-तारीख' हा मूसच्या दृष्टीने वेगळाच टाइप आहे, त्याच्याजवळ कोअर्शन नाही, आणि अशा अ‍ॅट्रिब्यूटवर कोअर्स चालू केलंत तर मूस क्लास बनतानाच थांबतो. 'तारीख नसली तरी चालेल' असं म्हणायचं असेल तर बहुतेक वेळा मेबी नकोच असतो. अ‍ॅट्रिब्यूट सक्तीचं ठेवू नका, आणि किंमत आहे का ते विचारणारी प्रेडिकेट मेथड द्या.

क्लास बनतानाच थांबणं ही चांगली गोष्ट आहे, पण ती एका वेगळ्या कारणानेही होऊ शकते. मूसला 'इझा'मध्ये, म्हणजे टाइप सांगायच्या पर्यायात, दिलेलं नाव ओळखीचं नसेल तर तो ते क्लासचं नाव समजतो आणि मुकाट्याने त्या क्लासचा टाइप तयार करतो. टाइपची फाइल अजून लोड झाली नसेल किंवा नावात एक अक्षर चुकलं असेल, तर एरर येते ती 'कोअर्शन नाही' अशी, आणि माणूस कोअर्शनच्या कोडमध्ये तासभर डोकं घालून बसतो. 'काही क्लासमध्ये चालत नाही'चं हे दुसरं संभाव्य कारण. मूसएक्स-टाइप्स किंवा टाइप-टायनी या टाइपच्या लायब्ररी वापरल्यात तर टाइप हे स्ट्रिंग न राहता इम्पोर्ट केलेली फंक्शनं होतात, आणि असं चुकलेलं नाव कंपाइल होतानाच पकडलं जातं. नव्या कोडसाठी मी टोबी इंकस्टर यांचं टाइप-टायनीच घेतो.

आणखी एक, कारण कोअर्शनबद्दलचा सगळ्यात चिवट गैरसमज हाच आहे. किंमत आधीच टाइपमध्ये बसत असेल तर मूस कोअर्शनकडे जातच नाही. आधी तपासणी, नापास झालं तर रूपांतर, आणि मग रूपांतरित किमतीची पुन्हा तपासणी. समजा कोणी इंटवर हेक्साडेसिमल स्ट्रिंगपासून कोअर्शन लिहिलं. '१ए' दिलं की २६ मिळतात, अपेक्षेप्रमाणे. '१०' दिलं की मात्र दहाच राहतात, सोळा नाही, कारण '१०' हा आधीच चांगला इंट आहे. एकाच कॉलममध्ये दोन वेगळ्या पद्धतींनी वाचलेले आकडे, आणि एररचा मागमूस नाही. तसंच '००७' इंटमध्ये पास होतं आणि '००७' म्हणूनच साठवलं जातं. समोरची शून्यं कोणी काढत नाही. आणि 'फॉल्स' ही स्ट्रिंग बूल (खरं-खोटं) या टाइपमध्ये नापास होते, कारण बूलला अनडिफाइन्ड, रिकामी स्ट्रिंग, शून्य आणि एक एवढंच चालतं. कोअर्शन म्हणजे साफसफाई नव्हे. साफ करायचं असेल तर अस्वच्छ किंमत टाइपमध्ये बसणार नाही इतका टाइप घट्ट हवा.

यादीचं उत्तरही याच चौकटीत आहे. 'अ‍ॅरेरेफ ऑफ बिलिंग-तारीख' या टाइपला आतल्या घटकाचं कोअर्शन आपोआप लागत नाही. मूस खोलात शिरत नाही. यादीसाठी स्वतंत्र उपप्रकार करावा लागतो, आणि त्यावर अ‍ॅरेरेफपासून कोअर्शन, ज्यात प्रत्येक घटकावर बिलिंग-तारखेच्या टाइपची कोअर्स मेथड मॅपने चालवायची. इथे 'अ‍ॅरेरेफ ऑफ स्ट्र'पासून लिहायचा मोह होतो. तो टाळा. यादीत तीन स्ट्रिंग आणि एक तयार डेटटाइम असेल तर ती स्ट्रची यादी उरत नाही आणि वाट जुळत नाही. नुसत्या अ‍ॅरेरेफपासून लिहिलंत की तयार ऑब्जेक्ट तसाच परत येतो, स्ट्रिंग बदलते, आणि न जमलेली किंमत जशीच्या तशी परत येऊन शेवटच्या तपासणीत पकडली जाते. टाइप-टायनीमध्ये आतल्या टाइपला कोअर्शन असेल तर यादीला ते आपसूक मिळतं. तिथे हे सगळं लिहावं लागत नाही. मात्र लाखभर घटकांची यादी असेल तर तपासणी, रूपांतर, पुन्हा तपासणी अशा तीन फेऱ्या होतात हे लक्षात असू द्या. अशी यादी मी वाचतानाच बदलून घेतो आणि अ‍ॅट्रिब्यूटवर कोअर्स ठेवत नाही.

यादीच्या बाबतीत एक सूक्ष्म गोष्ट आहे, जिच्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. समजा कॉल करणाऱ्याने तयार डेटटाइमची यादी दिली. ती पास झाली, कोअर्शन चाललं नाही, आणि ऑब्जेक्टने तोच रेफरन्स ठेवून घेतला. नंतर कॉल करणाऱ्याने आपल्या यादीत एक तारीख वाढवली तर ती तुमच्या इन्व्हॉइसमध्येही वाढते. आता त्याच कोडने स्ट्रिंगची यादी दिली. कोअर्शनने नवी यादी बनवली, आणि आता बाहेरच्या बदलाचा आत काहीच परिणाम होत नाही. आत येणाऱ्या डेटाच्या रूपावर मालकी ठरतेय! असा बग टेस्टमध्ये सापडत नाही, कारण टेस्टमध्ये आपण एकाच रूपाचा डेटा देतो. उपाय रटाळ आहे: यादी धरणाऱ्या क्लासने नेहमी स्वतःची प्रत करावी. याच कारणाने मूस एका अ‍ॅट्रिब्यूटवर वीक-रेफ (ऑब्जेक्टला जिवंत न ठेवणारा रेफरन्स) आणि कोअर्स दोन्ही एकत्र चालू देत नाही. कोअर्शनने नुकताच बनवलेला ऑब्जेक्ट दुसऱ्या कोणीच धरलेला नसतो, वीक रेफरन्सने धरला तर तो लगेच नाहीसा होईल.

एरर मेसेजबद्दल एक छोटी पण रोज उपयोगी पडणारी गोष्ट. रूपांतर जमलं नाही तर बरेच जण 'व्हाया' ब्लॉकमधून (कोअर्शनचा प्रत्यक्ष कोड असतो तिथून) अनडिफाइन्ड परत करतात. मग मूस शेवटच्या तपासणीत त्या अनडिफाइन्डवर अडतो आणि मेसेजमध्येही तेच छापतो. मूळ चुकीची स्ट्रिंग कुठेच दिसत नाही, आणि रात्री लॉग वाचणाऱ्या माणसाला काही कळत नाही. जमलं नाही तर आलेली किंमतच परत करा. मेसेजमध्ये ती दिसेल. '२०२४-०२-३०' सारखी किंमत, जी पॅटर्नमध्ये बसते पण तारीख नाही, ती डेटटाइम बनवताना आतच मरते, आणि तो मेसेज डेटटाइमचा असतो, त्यात तुमच्या अ‍ॅट्रिब्यूटचं नाव नसतं. तिथेही अपवाद पकडून मूळ किंमत परत करणं मला बरं वाटतं. काही सहकारी याला सरळ नकार देतात, त्यांच्या मते मूळ कारण लपतं. त्यांचंही अगदीच चुकीचं नाही. कारण लॉगमध्ये लिहा आणि किंमत परत करा, म्हणजे वाद मिटतो.

कोअर्शन कुठे कुठे चालतं हेही विचारात घ्या. कन्स्ट्रक्टरमध्ये, रायटरमध्ये, आणि डीफॉल्ट किंवा बिल्डरने दिलेल्या किमतीवरसुद्धा. मेथडच्या आर्ग्युमेंटवर मात्र नाही. मूस मेथडच्या सिग्नेचरला हात लावत नाही, त्यासाठी टाइप-पॅराम्ससारखं वेगळं मॉड्यूल लागतं. आणि अ‍ॅरेचा रेफरन्स बाहेर काढून त्यात थेट पुश केलं तर ना तपासणी होते, ना रूपांतर. दोन अ‍ॅट्रिब्यूट मिळून अर्थ लागत असेल, म्हणजे रक्कम आणि चलन किंवा तारीख आणि वेळेचा पट्टा, तर ते कोअर्शनचं काम नव्हेच, कारण कोअर्शनला एकच किंमत दिसते. तिथे बिल्डआर्ग्ज वापरा, म्हणजे कन्स्ट्रक्टरला आलेली सगळी आर्ग्युमेंट आधी एकत्र हाताळणारी मेथड.

एक अवांतर. पायथनच्या पायडँटिक या डेटा तपासणाऱ्या लायब्ररीने याच्या बरोबर उलट सुरुवात केली: रूपांतर मुळातच चालू, नको असेल तर स्ट्रिक्ट मोड मागा. पहिल्या आवृत्तीत इंटच्या फील्डला ३.७ दिलं तर गुपचूप ३ व्हायचे. २०२३ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत अशी किंमत एरर देते, आणि आकड्याची आपोआप स्ट्रिंग करणंही थांबलं. इतक्या वापरानंतर तेही 'माहिती गळत असेल तर आपोआप नको' इथेच आले. वेब एपीआयच्या दारात उभं राहण्यासाठी त्यांचा उदारपणा समजण्यासारखा आहे, तिथे सगळंच स्ट्रिंग म्हणून येतं. तुमच्या बिलिंगच्या गाभ्यातल्या क्लासला तो लागू करू नका.

राहिला मूचा प्रश्न. तिथे कोअर्स हा पर्याय आहे, नावही तेच, पण वागणं वेगळं. मूमध्ये कोअर्सला फंक्शन दिलंत तर ते प्रत्येक वेळी चालतं, किंमत आधीच बरोबर असली तरी. त्यांच्या दस्तऐवजातच हे मुद्दाम म्हणून लिहिलंय: त्यांच्या मते इझा ही फक्त बग पकडायची जागा, आणि कोअर्शन हा रचनेचा भाग. म्हणून मूसच्या व्हाया ब्लॉकमधला कोड उचलून मूमध्ये टाकलात तर तयार डेटटाइम ऑब्जेक्ट दिल्यावर तो ऑब्जेक्टच तारखेच्या पॅटर्नशी जुळवायला जाईल. डेटटाइम स्ट्रिंगसारखा वापरला की आयएसओ रूपात उतरतो, तारीख, मग 'टी' आणि मग वेळ, त्यामुळे तुमचा दोन्ही टोकांना बांधलेला पॅटर्न नापास होईल. पॅटर्न शेवटी मोकळा असेल तर परिस्थिती वाईट: तो पास होईल आणि वेळेचा पट्टा मुकाट्याने गळून पडेल. दोन मार्ग आहेत. फंक्शनच्या पहिल्या ओळीत 'आधीच डेटटाइम आहे का' हे तपासून तसाच परत करा. किंवा, आणि मी हेच करेन, आधी मूसमध्ये असतानाच सगळे टाइप टाइप-टायनीवर न्या. ते दोन्हीकडे चालतात आणि त्यांचं कोअर्शन किंमत आधी तपासतं, त्यामुळे नंतर क्लास एकेक करून मूवर नेताना टाइपला हात लावावा लागत नाही. पर्ल ५.३८ मध्ये आलेल्या अंगभूत क्लासकडे उडी मारायचा विचार असेल तर तो सध्या बाजूला ठेवा. तिथे फील्डला टाइपच देता येत नाहीत, कोअर्शन तर लांबच.

क्रम असा ठेवा: आधी नमची वाट काढा आणि स्ट्रच्या जागी पक्क्या पॅटर्नचा उपप्रकार आणा. तेवढं स्टेजिंगवर एक पूर्ण बिलिंग सायकल चालू द्या. जिथे जिथे एरर येईल ती प्रत्येक जागा म्हणजे आजवर चुकीच्या अर्थाने वाचली गेलेली एकेक फाइल असेल. त्या सगळ्यांचं वाचन दुरुस्त झाल्यावरच टाइप-टायनीला हात घाला.